वसिष्ठाला चिकटलेली ती कोण?

निर्मळ,
शनिवार, सकाळी, शाळेला सुट्टी

ती. रंभाताईस,

हरेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार. (उजव्या गुडघ्यामुळे आठांतलं एक अंग सध्या रजेवर आहे, तेव्हा सातांवर गोड मानून घे. आठवं लग्नाला येईन तेव्हा पोचतं करीन.) भाऊजींची साखर, तुझी दाढ, केळव्याच्या विहिरीचं पाणी आणि ऋतिकाच्या लग्नातल्या पाहुण्यांची यादी हे चारही आपापल्या जागी असावं, वर चढू नये, अशी इच्छा. आम्ही इकडे बरे आहोत. विमलाची तब्येत तर इतकी उत्तम की ती रोज संध्याकाळी फ्रेडरिकच्या गच्चीच्या बत्तीस पायऱ्या चढते. त्याविषयी पुढे येईलच.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. तुझ्याशी फोनवर बोललं की तू तो स्पीकरवर टाकतेस. मागे माझ्या मूळव्याधीची चौकशी तुझ्या मासेवालीने केली होती, आणि उपायही सांगितला होता. तेव्हा हे पत्र एकटीने, चष्मा लावून, दार लोटून वाचावं.

फ्रेडरिक तुला आठवतच असेल. आमच्या वाडीला लागून ज्याची केळीची वाडी, तो. तीस वर्षं त्याने जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत काढली, म्हणजे जगातले सगळे समुद्र पाण्याखालच्या मजल्यावरून पाहिले. निवृत्त होऊन परतताना माणूस घरच्यांसाठी चॉकलेटं आणतो, अत्तरं आणतो. याने दुर्बीण आणली. पांढरी, मांडीएवढी जाड, तीन पायांची. गेल्या दिवाळीपासून ती गच्चीवर उभी आहे आणि निम्मं निर्मळ तिच्यासमोर रांगेत. मला त्याचा हेवा वाटतो असं तू म्हणशील. ताई, मी संस्कृतचा शिक्षक आहे. षड्रिपूंच्या यादीत मत्सर सहावा येतो, आणि माझं अजून पहिल्या पाचांचंच आटोपलेलं नाही. मला फक्त आश्चर्य वाटतं. लग्न झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं मी विमलाला शनीबद्दल सांगत आलो. तो छायेचा मुलगा, बापाशी पटत नाही, चाल मंद, दृष्टी वाकडी. तिने एकदाही मान वर केली नाही. फ्रेडरिकने दुर्बिणीतून दाखवला, तर धावत घरी येऊन मला सांगते, "अहो, शनीला कडं आहे! इतका गोड दिसतो!" गोड! शनी! आणि त्या दिवशी माझ्या वरणात मीठ नव्हतं.

मुद्दा अरुंधतीचा आहे. तेवीस वर्षांपूर्वी आपल्या विपुलच्या लग्नात काय झालं ते तू पाहिलंयस. गुरुजींना पुढच्या लग्नाची घाई होती. सप्तपदी संपते न संपते तोच त्यांनी मांडवाबाहेर येऊन आकाशाकडे हात फेकला, "ती पाहा अरुंधती." विपुलने आणि नवरीने हात जोडले. अरुंधतीने लाल-हिरवे दिवे मिचकावले आणि ती सांताक्रूझच्या दिशेने उतरायला लागली. तेव्हा मी पुढे झालो. त्या दिवसापासून निर्मळ ते नायगाव जिथे मुहूर्त गोरज आणि आकाश उघडं, तिथे तारा दाखवायचा मान माझा. एकसष्ट जोडपी झाली. अठ्ठावन्न अजून एकत्र आहेत. (उरलेल्या तिघांच्या वेळी ढग होते.) मार्गशीर्षात सप्तर्षी संध्याकाळी उगवलेलेच नसतात. तेव्हा मी तुंगारेश्वराच्या डोंगराकडे बोट करून, ती डोंगराआड आहे, मनाने पाहा, असं सांगतो. शास्त्राला ते चालतं, फोटोग्राफरला चालत नाही.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. आधी माडाचा शेंडा दाखवायचा, मग त्याच्यावरचा ठळक तारा, मग सप्तर्षींचा चौकोन, मग शेपटीतला मधला तो वसिष्ठ, आणि वसिष्ठाजवळ बारीकशी अरुंधती. मग कथा. तीही तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही. अग्नीचं सात ऋषींच्या बायकांवर मन बसलं. (रोज यज्ञात समोर बसायच्या; तोही बिचारा कुंडातून आणखी कुठे बघणार?) दक्षाची मुलगी स्वाहा, तिचं मन अग्नीवर. तिने एकेका ऋषिपत्नीचं रूप घेतलं आणि सहा वेळा अग्नीला भेटली. सातवं रूप अरुंधतीचं, ते काही जमेना. तिचं तपच असं की तिची नक्कलसुद्धा होत नाही. पुढे कुजबुज झाली, आणि सहा ऋषींनी, वेद मुखोद्गत असलेल्या सहा शहाण्या माणसांनी, बायकांना एक प्रश्न न विचारता घराबाहेर काढलं. त्या सहा जणी कृत्तिका झाल्या आणि आकाशात नवऱ्यांपासून चांगलं अंतर राखून राहिल्या. वसिष्ठ तेवढा बायकोसकट राहिला. नवरा-नवरीला ही जोडी दाखवायची ती म्हणून. मी ही कथा नेहमी वसिष्ठाच्या बाजूने सांगत आलो. होळीपासून मात्र, बत्तीस पायऱ्यांवर विमलाच्या चपला वाजल्या की, उरलेल्या सहांचंही म्हणणं एकदा ऐकून घ्यावं असं मला वाटायला लागलं आहे.

आता जूचंद्रचं ऐक. आमच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक बळीराम, त्याच्या मुलीचं, रोशनीचं, लग्न मागच्या गुरुवारी तिथे झालं. मुहूर्त गोरज, आकाश स्वच्छ, उत्तरेचा टॉवर अजून सातव्या मजल्यावरच अडलेला, म्हणजे सप्तर्षींना मोकळी वाट. मी धुतलेलं उपरणं घेऊन, कथा घोळवत पोचलो. गच्चीवर पाहतो तर ती पांढरी तीन पायांची, आणि शेजारी सुटाबुटात फ्रेडरिक. बळीरामने मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाला, "सर, वाईट वाटून घेऊ नका. कथा तुम्हीच सांगा. दाखवेल फ्रेडरिक. पोरांना प्रत्यक्ष दिसेल ना!" प्रत्यक्ष! प्रत्यक्ष प्रमाण सर्वांत वरचं आणि ऐकीव सर्वांत खालचं, हे त्याला स्टाफरूममध्ये शिकवलं कोणी? मीच.

मी कथा सुरू केली. अग्नीपर्यंत माणसं होती. स्वाहा आली तशी सगळी दुर्बिणीकडे सरकली. कृत्तिकांना घराबाहेर काढलं तेव्हा ऐकायला फक्त आइस्क्रीमवाला उरला होता, आणि त्याला काउंटर सोडून जाता येत नव्हतं. तिकडे रोशनीने डोळा लावला आणि ओरडली, "अय्या, किती जवळ आहेत दोघं! एकदम चिकटून!" टाळ्या. नवऱ्यानेही पाहिलं. पुन्हा टाळ्या. ताई, मला तेवीस वर्षांत एक टाळी मिळालेली नाही, आणि एकदा वाजली होती ती डासासाठी. मग रोशनीने पुन्हा डोळा लावला आणि विचारलं, "आणि बाजूला ती एक लांब आहे, ती कोण?"

फ्रेडरिक प्रामाणिक माणूस आहे. (हा त्याचा सर्वांत मोठा दोष.) तो म्हणाला, "ती लांबची? तीच तर अरुंधती."

खाली डीजेवाला नेमका तेव्हाच गाणं बदलत होता, त्यामुळे पुढचा प्रश्न अख्ख्या गच्चीला ऐकू गेला. "मग ही चिकटलेली कोण?"

फ्रेडरिकने इंजिनाचं दुरुस्तीकाम समजावून द्यावं तसं सांगितलं की वसिष्ठ आपल्याला एक दिसतो, पण दुर्बिणीतून बघितलं की तिथे दोन तारे असतात, पहिल्यापासून आहेत, त्यात विशेष काही नाही. नवऱ्याची मावशी म्हणाली, "पहिल्यापासून? म्हणजे लग्नाच्या आधीपासून?" दुसरी कोणी म्हणाली, "बघा, आणि बायकोला लांब ठेवलीय." नवरदेवाने घाम पुसला. या प्रकरणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. रोशनीने त्याच्या हातातला हात काढून घेतला आणि म्हणाली, "मी नाही करत या वसिष्ठाला नमस्कार." सासरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बळीरामचा चेहरा खडूसारखा झाला. तो माझ्याकडे वळला, "सर, तुम्ही काहीतरी बोला!"

तुझ्यापासून काय लपवू? मला त्या क्षणी आतून गुदगुल्या होत होत्या. घ्या म्हटलं प्रत्यक्ष! पण पोरीचे डोळे भरलेले दिसले आणि गुदगुल्या थांबल्या. मी बोलायला तोंड उघडलं. वसिष्ठाच्या चारित्र्याबद्दल वाचलेलं सगळं आठवून पाहिलं. मला फक्त त्याची गाय आठवली. चिकटलेली ती गाय आहे, असं नवरीला सांगणं काही बरं दिसेना.

तेवढ्यात बळीरामची आई, जिजाबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, दोन नातवंडांच्या खांद्यावर हात टाकून दुर्बिणीपाशी गेल्या. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "येड्यांनो, सासू हाय ती! पोराला चिकटून बसलीय. सून बघा बिचारी कवरी लांब."

गच्ची कोसळायची बाकी राहिली. सर्वांत जास्त रोशनी हसली. नवऱ्याची आई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, ती हसत हसत हात काढून दोन पावलं बाजूला झाली. (पुन्हा जवळ गेली नाही, हे मी मुद्दाम पाहिलं.) जोडप्याने जोडीने नमस्कार केला, वसिष्ठाला, अरुंधतीला आणि मधल्या सासूबाईंनाही. फ्रेडरिकला टाळ्या, जिजाबाईंना हशा आणि मला पिस्ता आइस्क्रीम. मी एकतीस वर्षं संस्कृत शिकवतोय, आणि एका बाईने, जिने जन्मात एक श्लोक वाचला नाही, पुराणात नसलेलं पात्र घालून पुराण पूर्ण केलं.

एवढं होऊनही कालच तुझ्या ऋतिकाचा फोन आला. मामाला नव्हे, मामीला. "मामी, फ्रेडरिक अंकलची दुर्बीण एकवीस तारखेला केळव्याला येईल का?" मी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. एकच पान बराच वेळ वाचलं.

असो. भाऊजींना नमस्कार, ऋतिकाला अनेक आशीर्वाद, दाढ काढून घे.

तुझा धाकटा,
हरेश्वर

ता. क. : पत्राचं कारण लिहायचं राहिलं. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामा म्हणून माझा आहेच, पण अरुंधतीही मलाच दाखवू दे. ऋतिका माझी बासष्टावी. फ्रेडरिकला जेवायला अवश्य बोलव, दुर्बिणीला नको. केळव्याच्या खाऱ्या वाऱ्याने भिंगं खराब होतात, असं त्याला तूच सांग. माझं नाव घेऊ नकोस.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी विमलाने पत्र वाचलं. ती म्हणते, एक तर खरं लिहा, नाहीतर मी ताईंना फोन करते, स्पीकरवर. तेव्हा खरं लिहितो. लग्नांत दाखवताना मला स्वतःला अरुंधती कधीच दिसलेली नाही. माझ्या डोळ्यांना तिथे एकटा वसिष्ठ दिसतो. एकसष्ट वेळा विमला माझ्या डाव्या हाताला उभी राहून कोपर दाबत आली. एकदा दाबलं की खाली, दोनदा दाबलं की डावीकडे. (ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, असं आपल्याकडे लिहून ठेवलं आहे. त्या हिशेबाने मी आजवर सेहेचाळीस वेळा गेलो.) आणि हे आत्ता, पत्र वाचून झाल्यावर, ती मला सांगते आहे, की गेली दोन वर्षं मोतीबिंदूमुळे तिलाही दिसत नाही, ती अंदाजाने दाबत होती. रोज बत्तीस पायऱ्या चढायची ती दुर्बिणीतून अरुंधती नेमकी कुठे असते ते शिकायला. बळीरामला दुर्बीण सुचवलीही तिनेच.

जूचंद्रला सगळे जेवायला उतरले तेव्हा फ्रेडरिकने हाक मारली, "मास्तर, या. आता रांग नाही." हे मी वर लिहिलं नव्हतं. मी गेलो. उपरणं तीन पायांत अडकू नये म्हणून त्याने ते मागून धरून ठेवलं, आणि मी डोळा लावला. बारीक आहे ग. पांढरी, शांत, जराशी लांब, पण कुठेही न हललेली. मी बराच वेळ पाहत होतो. फ्रेडरिक मागून म्हणाला, "सुट्टीवर असलो की मी यायचो ना लग्नांना. मास्तर, तुमचं बोट नेहमी थोडं वर जायचं. पण विमलावहिनी खाली आणायच्या, म्हणून कधी बोललो नाही." कोणाशीच बोलला नाही, ताई. इतकी वर्षं.

शेवटचा ता. क. : तर खाऱ्या वाऱ्याचं काही सांगू नकोस. दुर्बीण येऊ दे, फ्रेडरिक येऊ दे, उत्तरेकडची गच्ची झाडून ठेव. मी त्याच्या उजव्या हाताला उभा राहून कथा सांगेन, आणि विमलाला माझ्या डाव्या हाताला जागा ठेव, कारण दुर्बीण माणसाचं कोपर दाबत नाही. एकच विनंती. यादीत जिजाबाईंचं नाव असेल, तर त्यांची खुर्ची खाली, पंगतीजवळ, गच्चीपासून शक्य तितक्या लांब. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, असं सांग. (झेपतो. माझ्याच गुडघ्याला झेपत नाही.)