दाराशी लोट्यांची उतरंड

लातूर,
७ फेब्रुवारी १९९९

प्रिय देविका,

‘इकडील सर्व क्षेम’ लिहू नकोस, ते खोटं असतं, असं तू मागे बजावलं होतंस. पण इकडे खरंच क्षेम आहे. बारावीची परीक्षा तोंडावर आली, म्हणून आम्हा शिकवणाऱ्यांना क्लासात घडीभर टेकायला फुरसत नाही. पोरं जेवतानासुद्धा घोकतात.

परवा एक मुलगी माझ्याजवळ येऊन रडली. “मॅडम, त्याचा फोन न्हाई आला की हातपाय गळून जातेत माझे.” मी तिला मेंदूचं सांगितलं. एखादी गोष्ट रोज मिळाली की मेंदू निवांत होतो. कधी मिळते, कधी नाही, असं झालं की डोपामाइन उसळतं आणि मेंदू वाट बघण्यालाच चटावतो. ते नातं तोडलं की झोप उडते, अंग दुखतं. पण ओसरतं.

“तुम्हाला कसं ठाऊक?” तिनं विचारलं. पुस्तकात आहे, म्हटलं.

पुस्तकात थोडंच आहे. कॉलेजात असताना नांदेडला तुमच्या फोनपाशी, कधी फोन करणाऱ्या, कधी न करणाऱ्या अनिमेषची वाट बघत बसणारी मी, आणि “या पोरीची गादी इथंच टाका” म्हणणारी तुझी आई. आता हसू येतं, बघ.

बाकी, आमच्या क्लासात आनंदराज सर फिजिक्स शिकवतात. येतो म्हणाले की येतात. त्यांनी दिवाळीत लग्नाचं विचारलं. छातीत काहीच धडधडेना, मग हे प्रेम कसलं, म्हणून मी उत्तर टाळत होते.

भूकंपानंतर अहमदपूरला आई दाराशी लोट्यांची उतरंड रचायची, हादरा बसला की खणखणून जाग यावी म्हणून. तिनं केव्हाच सोडलं. मी मात्र इथं खोलीवर अजून रचत होते. ट्रक गेला तरी पळत अंगणात.

गेल्या रविवारी आनंदराज आले. वरचा लोटा घेऊन माठातलं पाणी प्याले.

“हे दाराशी का?”

मी सांगितलं. ते हसले नाहीत. “असू द्या मग,” म्हणाले, आणि लोटा विसळून परत वर ठेवला.

ते गेल्यावर मीच लोटे उतरवून फळीवर लावले. काल त्यांना हो म्हटलं. धडधडलं नाहीच. गाढ झोप लागली.

लग्न मेमध्ये, अहमदपूरला. त्याआधी तुमच्याकडे राहायला येईन. तुझ्या आईंना सांग, गादी फोनपासून लांब टाका.

तुझी, झोप पूर्ण झालेली,
बुद्धप्रिया