साबणाचं पान

४ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि चष्म्याच्या डबीत घालून पाठवलेल्या भोपळ्याच्या बिया पोचल्या. बिया पेरल्या. डबी लहानग्याने पळवली, आता तिच्यात एक गोगलगाय राहते. दोन गाई व्यायल्या. ह्यांची पाठ पुन्हा धरली आहे, आणि ती धरलेली नाही असं ते वाकडे चालत सगळ्यांना सांगत असतात.

खरी बातमी भिंगरीची. पोरगी वाचायला लागली! शाळा दोन टेकड्यांपलीकडे, म्हणून मी तिला स्वयंपाकघरातच शिकवायचं ठरवलं, तेव्हा तू मला किती टोचून बोलली होतीस! आता ऐक. माझे हात पिठात असले की ती स्वयंपाकाची वही उघडते आणि पाव, जाम, भाज्यांचं सूप, म्हणशील ते घडाघडा वाचून दाखवते. चमचाभरही फरक पडत नाही. संध्याकाळी लहानग्याला गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवते, तीही अगदी माझ्यासारखी, लांडग्याचा आवाज काढून. तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी आता तरी हार मानावी.

लोभ आहेच, तो मंद आचेवर ठेवावा.
तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भिंगरीचं वाचून जीव सुखावला. हार मानते. पण एकच शंका विचारते. राग मानू नकोस. तू मानणार हे मला माहीत आहे, तरी विचारते. कधीच न ऐकलेलं असं काही ती वाचते का? घरात पुस्तकं सहा, तीही मीच दिलेली, आणि ती वही तर पोरगी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे. एकदा हे पत्र तिच्या हातात देऊन बघ.

तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पाठीला शेक घे आणि खोटं बोलणं बंद कर. मुलांना माझ्याकडून गालगुच्चा.

आहे तशीच माया असू दे.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावले होते, म्हणूनच इतके दिवस उत्तर दिलं नाही. तुझं पत्र भिंगरीला दिलं, तर तुझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे असं म्हणून ती पळाली. मी हसले. तुझं अक्षर खरोखरच तसं आहे, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात वहीवर दुधाचं पातेलं लवंडलं. सगळं नव्या वहीत उतरवून काढलं, हाताला आलं त्या क्रमाने. काल मी कांदे चिरत होते. भिंगरीला सुपाचं वाचायला सांगितलं. तिने चौथं पान उघडलं, ओळीखाली बोट धरलं आणि सुरुवात केली, तीन गाजरं, दोन कांदे, मूठभर वाटाणे. मी सहज वळून पाहिलं. ताई, जुन्या वहीत चौथं पान सुपाचं होतं. नव्या वहीत तिथे कपड्यांचा साबण आला आहे. तिचं बोट होतं कॉस्टिक सोड्यावर आणि तोंडात गाजरं. हातमोजे घाला असं लिहिलेल्या ओळीवर आली तेव्हा ती म्हणाली, झाकण ठेवा.

मी तिला जवळ घेऊन विचारलं. ती रडली नाही, गोंधळली. म्हणाली, वाचणं म्हणजे हेच ना. आई कुठे पुस्तकात बघते? खरंच आहे. ती सहा पुस्तकं मला इतकी पाठ झाली आहेत की एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात डाव धरून मी पातेल्यात बघत वाचते. अंदाजाने पानं उलटते. पोरीने जे पाहिलं ते बिनचूक उचललं. दोन वर्षं मी तिला वाचायला नाही, नुसतं पुस्तक धरायला शिकवलं.

तुला माझी हार हवी होती, ती घे.
धाकटी

८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी हार घेऊन मी काय करू? तू लिहिलंस तशी चूक मी तीस वर्षांत पुष्कळदा पाहिली, आणि जी पोरगी एवढं तोंडपाठ करते तिला अक्षरं काय जड? पण स्पष्टच लिहिते. तिला माझ्याकडे पाठव. एक जूनला शाळा उघडते. वर्षभर राहील, सुट्टीत येईल. मागची खोली रिकामी आहे, तिथे खिडकीशी तिचा पलंग मांडते. तुझ्या नवऱ्यालाही विचार, त्याचं डोकं तुझ्यापेक्षा थंड आहे.

भांड, पण विचार कर.
ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ह्यांनी तुझीच बाजू घेतली. पाठव म्हणाले, आणि मग दिवसभर गोठ्यातच राहिले. भिंगरीला सांगितलं, तर ती गवताच्या गंजीत जाऊन बसली. जेवायलाही आली नाही. लहानगा तिच्याजवळ गोगलगायीची डबी ठेवून आला.

तू म्हणतेस ते तिच्या भल्याचं आहे हे मला कळतं. पण ताई, ती गेली तर हे घर मला खायला उठेल. मला वीस मेपर्यंत वेळ दे. तू म्हणशील ती परीक्षा घे. नापास झाली तर मी स्वतः तुझ्या दारात आणून सोडते, आणि पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही.

तुझ्या हो ची वाट बघणारी,
धाकटी

२२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हो. माझ्या अटी ऐक. सोबत एक घडी घातलेली चिठ्ठी आहे, भिंगरीसाठी. अक्षर मोठं आणि कोंबडीविरहित काढलं आहे. दर आठवड्याला अशी एक येईल. तीत लिहिलं असेल ते तिने करायचं, आणि तेच सगळ्यांनी जेवायचं. तू चिठ्ठी बघायची नाहीस. अडली तर अक्षर सांग, शब्द सांगू नकोस. दुसरी अट तुझ्यासाठी. वाचताना पातेलं खाली उतरवायचं, आणि ओळीखाली तूही बोट धरायचं.

शेवटची चिठ्ठी मेच्या मध्यावर येईल. ती पोरीने एकटीने वाचायची, तू स्वयंपाकघराबाहेर. काय झालं ते मला जसंच्या तसं कळव. निकाल मी देईन.

पाणी उकळत ठेवून गोष्टी वाचत नसलेल्या,
ताईचे आशीर्वाद

१८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जसंच्या तसं लिहिते. पहिल्या चिठ्ठीला आम्ही उकडलेले बटाटे खाल्ले, मिठाशिवाय, कारण मीठ दुसऱ्या ओळीत होतं आणि तिथवर पोचायला पोरीला सूर्य मावळला. दुसऱ्या आठवड्यात मीठ आलं. तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी पुन्हा वाढून घेतलं. मला आशा वाटायला लागली होती.

पण काल शेवटची चिठ्ठी आली, आणि ताई, तू गाजराचा केक कशाला निवडलास? तो आपल्या आईचा, वहीतला, भिंगरीला झोपेतही येतो. चिठ्ठी ठेवली काय आणि न ठेवली काय! केक झाला, एका बाजूने करपला, बाकी उत्तम. पण तिने वाचून केला की आठवून, हे मी कसं सांगू? चिठ्ठी तिच्या खिशात आहे. तुला शब्द दिला म्हणून मी हात लावला नाही.

त्यात आणखी भर म्हणजे, मी आत येण्याआधीच केकचा एक तुकडा नाहीसा झाला होता. पोरगी विहिरीमागून आली, तोंडाला चुरा लागलेला. एकटीने का खाल्लास, भावाला का नाही दिलास, म्हणून विचारलं तर ओठ घट्ट मिटून उभी. असं ती कधी करत नाही. मी रागावले, बरंच रागावले. तरी शब्द नाही.

तिची बॅग भरली आहे. लोकरी मोजे वर ठेवलेत. मला खोटी आशा दाखवू नकोस.

धाकटी

२३ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी बॅग रिकामी कर, मग पुढे वाच.

केक मुद्दामच पाठ असलेला निवडला. पाठ असलेलं संपल्यावरही तिची नजर खाली जाते का, एवढंच मला बघायचं होतं. चिठ्ठीत आईचाच केक होता, शब्दन् शब्द. त्याखाली मी एकच ओळ माझी घातली होती: भिंगरे, पहिला तुकडा घेऊन विहिरीमागे जा, एकटीनेच खा, आणि माझं पत्र येईपर्यंत आईलाही काही सांगू नकोस.

खिडकीशी मांडलेला पलंग आज उचलला. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सुट्टीत दोघांना पाठव, गोगलगायीसकट.

आणि हे पत्र तू वाचून दाखवू नकोस. तिच्याच हातात दे. या वेळी अक्षर नीट काढलं आहे. ती या ओळीवर आली की तिला बोलायची परवानगी आहे, आणि तू तिची माफी माग.

तुम्हा सगळ्यांची,
ताई