जिच्यावाचून अडतं

बाई, परवा मला एका कार्यशाळेत बोलायला नेलं होतं. विषय होता, उच्च शिक्षणात नेतृत्व कसं घडवावं. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात, थंडगार हॉलमध्ये, गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून तरुण प्राध्यापक बसले होते आणि पुण्याहून आलेले एक टायवाले गृहस्थ त्यांना भिंतीवर चित्रं दाखवत होते. नेत्याला म्हणे दृष्टी हवी. माझी पाळी आली तेव्हा मी वीस मिनिटं शहाण्यासारखं बोलले, तुम्हाला आवडलं असतं. मग मागच्या रांगेतून एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं उपप्राचार्य होतात, मग प्राचार्य का नाही झालात?" मी म्हटलं, "कारण माझ्यावाचून कॉलेजचं अडत होतं." सगळ्यांना तो विनोद वाटला. टाळ्यासुद्धा वाजल्या. घरी आले, साडी न बदलता टेबलाशी बसले आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही निवृत्त झाले, पण भांडण काही शिळं झालेलं नाही.

सगळं कॉलेज तुम्हाला मॅडम म्हणायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आणि टीचर करत वाढलेली मी मात्र तुम्हाला बाई म्हणायला लागले, कारण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून झापलं होतंत. "अगं, इंग्रजी शिकवतेस ते वर्गात. संस्थेच्या मीटिंगमध्ये मराठीत बोलायचं. तिथली माणसं तुझ्या इंग्रजीला घाबरत नाहीत, चिडतात." मी दुखावले, पण ऐकलं. प्राचार्य असून तुम्ही माझ्या मराठीकडे लक्ष दिलंत, हे मला तेव्हाही कळलं होतं. पुढे रविवारी सकाळी तुमच्या घरी येणं सुरू झालं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी वेळापत्रकाचा मोठा कागद पसरते आहे, समोर तुम्ही मेथी निवडता आहात, आणि मधूनच चष्म्यावरून बघत म्हणता, "तो तास शेवटी टाकू नकोस, सायखेड्याच्या मुलींची एसटी चुकते." माझं खोडरबर मेथीच्या काड्यांखाली हरवतं, तुम्ही ते शोधून देता. कुठलं पत्र त्याच दिवशी द्यायचं आणि कुठलं चार दिवस थंड होऊ द्यायचं, संस्थेच्या सचिवांना नकार कसा द्यायचा म्हणजे तो त्यांना घरी गेल्यावर कळेल, हे सगळं मी त्या टेबलावर शिकले. एका दिवाळीला तुम्ही मला साडी दिली नाहीत. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, समासात तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं विद्यापीठाच्या नियमांचं तुमचं स्वतःचं पुस्तक दिलंत. "हे लागेल तुला," इतकंच म्हणालात. नियमांचं पुस्तक कुणी उगाच देत नाही, बाई. मी त्याचा एकच अर्थ घेतला, की तुमच्यानंतर ती खुर्ची माझी. तुम्ही तसं शब्दांत कधी म्हणाला नाहीत, कबूल आहे. पण मी तसं समजते आहे हे तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही दिसू दिलंत.

मग ते पत्र आलं. तुमच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. भावी प्राचार्यांसाठी पुण्याला तीन आठवड्यांचा वर्ग, प्रत्येक कॉलेजातून एकच जागा, नाव प्राचार्यांनी कळवायचं आणि त्या माणसाला तेवढ्या दिवसांसाठी कार्यमुक्त करायचं. सेवाज्येष्ठ मी होते. नवऱ्याला तीन आठवडे डब्याची सोय बघायला सांगूनही झालं होतं. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, तर नाव वाणिज्य शाखेतल्या सरांचं, सटाण्याच्या. माणूस भला होता. त्यांच्या तासाला मुलं आली काय नि न आली काय, मुलांना आणि त्यांना दोघांनाही फरक पडत नसे. मी दारावर टकटक न करता आत आले.

"बाई, मी का नाही?"

तुम्ही सह्या करत होतात, मान वर केली नाहीत. "तू गेलीस तर परीक्षा कोण घेईल? विद्यापीठाची समिती यायची आहे, त्यांच्या फायली कोण लावेल?"

"आणि सर गेले तर?"

"ते गेले तर कुठे काय अडतं?" आणि तुम्ही चक्क हसलात. "शिवाय तुला तिथे काय शिकायचंय? सगळं येतं तुला."

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, की तुमच्या त्या शेवटच्या वाक्यानं मी सुखावले. दोन दिवस मान ताठ करून स्टाफरूममध्ये वावरले. तिसऱ्या दिवशी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजताना कळलं, की मला कौतुक मिळालं आणि सरांना जागा. आणि ही रीत काही तुम्ही काढलेली नाही, हेही मला माहीत आहे. कॉलेज कुठलंही असो. प्रशिक्षणाचं पत्र आलं की प्राचार्य स्टाफरूमवर एक नजर टाकतात आणि कोण नसलं तरी चालेल ते शोधतात. जिचे हात कामानं भरलेले, तिला ठेवून घ्यायचं. ज्याचे हात रिकामे, त्याला पाठवायचं. तो प्रमाणपत्र घेऊन येतो. पाचेक वर्षांनी मुलाखत होते, तिथे हातांकडे कुणी बघत नाही, प्रमाणपत्राकडे बघतात. असे प्राचार्य तयार होतात, आणि मग हॉटेलात हॉल घेऊन लोक चिंता करतात की आपल्याकडे नेतृत्व का घडत नाही. घडतं ना, रिकाम्या वेळात घडतं.

सर परत आले ते खांद्याला काळी बॅग लावून, बॅगेवर त्या वर्गाचं नाव. मी विचारलं, काय शिकवलं? "मॅडम, जेवण फार छान होतं हो. एक दिवस सिंहगडावरही नेलं." आणि शिकवलं काय? सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, "हेच, की सगळ्यांना सोबत घेऊन चालायचं." पुढे त्यांनी मला खरोखरच सोबत घेतलं, माझ्या निवृत्तीपर्यंत.

तुम्ही निवृत्त झालात, जाहिरात निघाली, मी अर्ज केला, सरांनीही केला. मुलाखतीत एकानं विचारलं, "प्रशासनाचं प्रशिक्षण?" मी सांगायला लागले, परीक्षा, प्रवेश, वेळापत्रक, समितीच्या भेटी. "तो अनुभव झाला मॅडम. प्रशिक्षण?" मग संस्थेचे सचिव, ज्यांना नकार कसा द्यायचा ते तुम्ही मला शिकवलं होतंत, ते प्रेमानं म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर आमच्या कॉलेजचा कणा." कणा पाठीमागेच असतो, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. सुचलं ते रिक्षात बसल्यावर. तिथून मी तुमच्याकडे आले. तुम्ही आजारी होतात, पलंगाला टेकून बसला होतात. "झालं का गं?" मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. कॉलेज चालवणार तूच आहेस." बाई, ते सांत्वन होतं तुमच्या मते. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, की कॉलेज चालवणं वेगळं आणि प्राचार्य असणं वेगळं, आणि हे तुमच्याइतकं नीट कुणाला माहीत आहे? पण तुमचे हात इतके बारीक झाले होते. मी पेल्यात पाणी ओतून दिलं आणि निघाले. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. शोकसभेत मी बोलले, उत्तम मराठीत.

सर खुर्चीत बसले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, टपाल तुम्हीच बघत जा, मला त्यातलं काही कळत नाही." त्यामुळे येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या हातात पडायचं. दोन हजारनंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. एक दिवस पाकीट उघडलं तर महिला प्राध्यापकांसाठी नेतृत्वाचा वर्ग, दिल्लीला, एक महिन्याचा, चाळिशीच्या आतली एक बाई पाठवा. मला वाचता वाचताच नाव सुचलं. वनस्पतिशास्त्रातली ती सायखेड्याची, वडील टोमॅटो लावायचे, स्वतः पहाटेच्या एसटीनं येऊन शिकलेली. मीटिंगमध्ये तोंडावर बोलायची, हिशेबानं बोलायची आणि बोलून झालं की काम करून दाखवायची. परीक्षा विभाग कॉम्प्युटरवर आणला तो तिनं. त्या वर्षी कॉलेजचं मूल्यांकन होतं आणि समितीसाठीचा सगळा अहवाल तिच्या डोक्यात होता. मी पत्राची घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवलं. उद्या बघू, म्हटलं.

चार-पाच दिवसांनी ती स्वतःच आली, हातात गुणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन, दारातच उभी. "मॅडम, ते दिल्लीचं काही पत्र आलंय म्हणतात सगळीकडं. माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात आलं. आपल्याकडं आलं का हो?"

खण माझ्या गुडघ्याला लागून होता. मुदत संपायला आठवडा होता.

"नाही गं," मी म्हटलं. "आलं नाही."

"नसंल आलं," ती म्हणाली. "आपलं कॉलेज कुणाच्या ध्यानातच राहत नाय." आणि हसून गठ्ठा ठेवून गेली. मी खोटं बोलेन असं तिच्या मनातही आलं नाही, कारण मी कधी बोललेच नव्हते. मूल्यांकन छान झालं. स्टेजवर सरांना हार घातला, मी दुसऱ्या रांगेत होते आणि ती हॉलच्या मागे समितीचा चहा बघत होती.

आता तुम्ही विचाराल, मग माझ्यावर कसला आवाज चढवतेस? चढवते, कारण हक्क आहे. तुम्ही केलंत ते चूकच होतं, आणि तुमच्याच टेबलावर शिकलेलं असल्यामुळे मला ते करताना चूक वाटलंसुद्धा नाही. पण दोन दिवस झाले, एक गोष्ट टाळून लिहिते आहे, ती लिहून टाकते. तुम्ही निदान नोटीस लावलीत. मी आत शिरून जाब विचारू शकले, चिडू शकले, आज इतक्या वर्षांनीही चिडू शकते. तिला मी तेवढंही मिळू दिलं नाही. ती अजून परीक्षा विभागच सांभाळते, सेवाज्येष्ठ झाली आहे. पुढच्या वर्षी प्राचार्यांची जागा निघेल म्हणतात. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता, अर्ज करू का, म्हणून. मी म्हटलं, कर की, तुझ्याशिवाय कोण आहे. तिनं विचारलं, "पण मॅडम, प्रशिक्षण विचारतात ना हो?" मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता.

तुम्हाला लिहायला सोपं जातं, बाई, तुम्ही उत्तर देणार नाही. तिचं घर इथून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.