ओट्यावर ठेवलेला चाकू

घोडबंदर रोड, ठाणे
५ ऑक्टोबर २०२४

ती. देवराम काकांस,
कृतिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नका. फोन केला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि आमच्या घरचा नंबर दिसला तर तुम्ही तसाही उचलत नाही. पोस्टमनला मात्र तुम्ही दारातून परत पाठवणार नाही, म्हणून ही युक्ती.

पहिली बातमी, माझं लग्न ठरलं. मुलगा कमलेश, कल्याणचा. तुमच्याइतकाच हट्टी आहे, त्यामुळे मला परकं वाटणार नाही. मार्गशीर्षात मांडव आहे. मांडवाची उंबराची डहाळी आपल्या घरात मुलीचा काका आणतो, आणि मला काका एकच. पण तो आमच्या दारात पाऊल ठेवत नाही.

दुसरी बातमी ऐकून खुर्चीवरून उठू नका. कपाट आवरताना बाबांच्या जुन्या शर्टांखाली एक लाल चाकू सापडला. स्विस, सगळी पाती पोटात दुमडलेली. आजोबांचा चाकू हरिहरने, म्हणजे बाबांनी, लंपास केला, हे तुमचं म्हणणं मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. बाबांना विचारलं तर म्हणाले की हा तो नव्हे, हा मी विकत घेतलाय, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आता मी कोणाचं खरं मानू? तो चाकू नीट आठवत असेल तर तुम्हालाच. त्याच्या खुणा कळवा. तोच निघाला, तर मी बाबांना धरून तुमच्या मानपाड्याला आणते आणि माफी मागायला लावते.

काकीला नमस्कार. राग जपून खर्च करा, मायेत मात्र काटकसर नको.

तुमची,
कृतिका


मानपाडा, डोंबिवली पूर्व
१४ ऑक्टोबर २०२४

चि. कृतिकास,
देवराम काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नाचं वाचून तुळसाने, म्हणजे तुझ्या काकीने, आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लग्न मोडायला निघालोय. कमलेशला सांग, हट्ट करायला अंगात दम लागतो.

आता चाकू. इथल्या कारखान्यात परदेशी यंत्र बसवायला एक स्विस माणूस आला होता. तुझे आजोबा, काळुराम, तिथे फिटर. त्याला हॉटेलचं जेवण सोसेना, म्हणून आजोबा रोज घरची भाकरी आणि वाल नेत. जाताना त्याने खिशातला चाकू काढून दिला. आजोबांनी तो पोटच्या पोरासारखा जपला. थकले तेव्हा आम्हा दोघांना बोलावलं. धारेची वस्तू हातात दिली की भांडण लागतं, म्हणून त्यांनी चाकू ओट्यावर आमच्या मधोमध ठेवला, घे म्हणाले आणि आत जाऊन झोपले. कोणाला घे म्हणाले? थोरला म्हणून मला वाटलं मला. हरिहरला वाटलं त्याला. बापासमोर घाई नको म्हणून कोणीच उचलला नाही, आणि सकाळी ओटा रिकामा. पुढचं तू जाणतेस.

खुणा लिहितो. लाल रंग. त्यावर पांढरा क्रॉस, ढालीच्या आकारात. आत करवत. पाठीवर स्टार स्क्रूड्रायव्हर. शेपटाला गोल रिंग नाही, घोड्याच्या नालेसारखी कडी. नीट बघ आणि बापाची बाजू घेऊ नकोस.

तुझ्यावर लोभ आहे. बाकीच्यांचं चाकू बघून ठरवू.

काका


ठाणे
२३ ऑक्टोबर २०२४

ती. काकांस सा. न.

काका, हा तो नाही.

करवत आहे, तिथवर जुळलं. पण पाठीवर स्टारऐवजी बाटलीचं बूच काढायचा पीळ आहे. कडी नाही, साधी रिंग आहे. आणि क्रॉस ढालीत नाही, गोलसर चौकोनात आहे. इंटरनेटवर असे चाकू जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, तिथे फोटो टाकला. ते म्हणाले की स्वित्झर्लंडमध्ये हे बनवणारे दोन कारखाने होते, ढालवाला एक आणि चौकोनवाला दुसरा. म्हणजे दोन्ही चाकूंचं घराणंच वेगळं.

मग बाबा बोलले. त्यांची खात्री होती की तुम्हीच उचललात. मागायची लाज वाटली, पण आजोबांची आठवण जाईना, म्हणून नौपाड्यातल्या एका दुकानातून दिसायला तसाच घेतला. त्या पिळाने आजवर एक बूच काढलेलं नाही. एवढं सांगून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

ग्रुपवाल्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लाल कव्हर प्लॅस्टिकचं असतं, उकळत्या पाण्यात निघूनही येतं. मग उरतो नुसता पांढरा पत्रा. म्हणून रंगावर जायचं नाही, पाठ आणि शेपूट बघायचं. तुम्ही दोघं इतकी वर्षं लाल रंग शोधत बसलात. तुम्ही घेतला नाही, बाबांनी घेतला नाही, तर ओट्यावरून तो उचलला कोणी? सकाळी तुमच्या घरात सगळ्यांत आधी कोण उठायचं?

उत्तराची आणि तुमची, दोघांचीही वाट बघतेय.

कृतिका


मानपाडा
१ नोव्हेंबर २०२४

चि. कृतिकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचत होतो. आधी कोण उठायचं, या ओळीला आतून तवा पडल्याचा आवाज आला.

मागच्या मोरीत खिळ्याला सुतळीने बांधलेली एक पांढरी पट्टी लटकते. तुझी काकी तिच्या करवतीने मासे खवलते. मी ती हजारदा पाहिली असेल, पण मोरीतल्या वस्तूकडे कोण निरखून बघतो? काल खिळ्यावरून काढली. सुतळी ओवलीय ती घोड्याच्या नालेसारख्या कडीत. पाठीवर स्टार स्क्रूड्रायव्हर. ती तुझ्या काकीपुढे धरली, तेव्हा तिने सगळं सांगितलं.

काकी तेव्हा नवी नवरी. पहाटे ओटा सारवायला आली, चाकू उचलून भांड्यांत ठेवला, आणि उकळतं पाणी ओतल्यावर लाल कव्हर हातात आलं. सासऱ्याच्या धाकाने ते तिने चुलीत घातलं. सांगू सांगू म्हणेपर्यंत आम्ही भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झालो होतो. मग सांगायची भीती दुप्पट झाली. रडत म्हणाली की तुम्ही दोघं सतत एकमेकांना विचारत होतात, मला कधी कोणी विचारलंच नाही. तिच्यावर रागावलो नाही. भावाला चोर ठरवून त्याच चाकूने खवललेले सगळे मासे मी चवीने खाल्लेत.

डहाळी मीच आणणार. उंबर याच करवतीने कापीन, अजून धार आहे. पीळवाला चाकू हरिहरला खिशात ठेवायला सांग, हळदीला बाटल्या उघडायच्या कामाला येईल.

आणि हा चाकू मी या वेळी ओट्यावर ठेवणार नाही. सरळ हरिहरच्या हातात देणार. भांडण लागायचं ते लागून गेलंय.

लोभ होताच, आता तो तुमच्या सगळ्या घरावर धरावा म्हणतो.

तुझा काका,
देवराम