नव्या लॅपटॉपला सीडीची जागा नाही

आण्णा,

मी नवा लॅपटॉप घेतला आणि तो मला अजिबात आवडलेला नाही. हे तुम्हाला सांगायचं कारण एवढंच की तो तुमचा आवाज ऐकण्यासाठी घेतला होता. ताईच्या लग्नाची सीडी आईच्या ट्रंकेत, तिच्या शालूच्या घडीत, इतकी वर्षं पडून आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडं बटणांचा साधा फोन होता आणि त्यात तुमचा आवाज धरून ठेवावा हे कुणालाच सुचलं नाही. म्हणजे तुमचा आवाज आता कुठं उरला असेल तर त्या सीडीत, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मी शिकवते त्या शाळेच्या ऑफिसात एक जुना लॅपटॉप आहे. त्याच्या कडेचं बटण दाबलं की सीडी ठेवायची ताटली बाहेर यायची. हल्ली तो सुरूच होत नाही, नाहीतर हेडमास्तरांकडून तोच मागून आणला असता. पण लॅपटॉप म्हटलं की ती ताटली असणारच, असं मी धरून चालले.

शनिवारी शाळा सुटल्यावर धाराशिवातल्या दुकानात गेले. नको नको ते सगळं विचारलं. बॅटरी किती चालते, सोबत बॅग मिळते का, मराठी टाईप होतं का, पडला तर काय. दुकानदारानं तो दोन बोटांवर तोलून धरला आणि म्हणाला, "बघा मॅडम, पापडासारखा आहे." त्या पातळपणावरच मी भाळले. आईकडं तेरला जाणाऱ्या बसमध्ये बॅग मांडीवर घेऊन बसले, शेजारच्या बाईनं मेथीची पिशवी टेकवली तरी जीव वर-खाली होत होता. मला वाटत होतं की तुम्हालाच घरी घेऊन चालले आहे.

आईला फोनवर सांगितलंच होतं. मी पोचले तर ती इरकल नेसून, केस विंचरून तयार. पाटावर तांदूळ पसरून ठेवलेले, हळदीकुंकवाची कोयरी, नारळ आणि शेजारी सीडी. नारळ दारात फोडला, पाणी लॅपटॉपवर शिंपडायला निघाली होती, हात धरून थांबवलं. मग कुंकवाचं एक बोट लावू दिलं. "आता लाव त्यास्नी," आई म्हणाली. मी लॅपटॉप उघडला, डावी कड पाहिली, उजवी कड पाहिली, मागून पाहिला, उलटा करून पाहिला. कुठंच काही नाही. आई सीडी हातात धरून उभी. "आगं, नीट फिरवून बघ की. कुठंतरी असंल तोंड त्याला." मी दुकानदाराला फोन लावला. तो हसत म्हणाला, "मॅडम, आता सीडी कोण वापरतंय? त्याचा डबा वेगळा घ्यावा लागतो, मागवून देतो." एवढी शिकलेली मुलगी, पण एक साधी गोष्ट विचारायची राहिली. आईनं सीडी पुन्हा शालूच्या घडीत ठेवली आणि इरकल बदलून चुलीपुढं बसली. मला तिच्याकडं बघवेना.

तुमचा आवाज म्हणजे काय होता, हे आता नवीन माणसाला सांगून कळत नाही. आपल्याकडं लग्नाच्या मांडवात कुणीतरी माईक धरून आलेल्या पाहुण्यांचं गावासह नाव घेतं, स्वागत करतं. आसपासच्या लग्नांत हे काम तुमचंच. चार एकराचं रान सांभाळायचं आणि तिथी निघाल्या की मांडवात उभं राहायचं. माईकला पांढरा रुमाल गुंडाळायचात. लांबून नुसती चाल बघून ओळखायचात की हे जळकोटकडचे, हे माकणीचे. जेवायला बसलेली माणसंसुद्धा आपलं नाव आलं की घास थांबवून मान वर करायची. संध्याकाळी घरी यायचात ते घसा बसवून. आई चुलीवर हळदीचं दूध गरम करते आहे, तुम्ही उंबऱ्याला टेकून बसला आहात, आम्ही दोघी बहिणी अगदी जवळ सरकतो, कारण कोण कोण आलं होतं, कोण रुसलं होतं हे सगळं तुम्ही कुजबुजत सांगता. मांडवातला आवाज साऱ्या गावाचा असायचा, हा बसलेला आवाज फक्त आमचा.

तुम्ही मला एकदा रागावला होतात तेही याच कामावरून. शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या हाती माईक दिला आणि मी पाहुण्यांची नावं भरभर, खाली मान घालून उरकली. आपण घरी आलो. मग पायरीवर चपला काढता काढता म्हणालात, "पोरी, माणूस लांबून आलेला असतो. त्याचं नाव त्याच्या कानात पडू दे. उरकायचं असंल तर घेऊ नगंस माईक." मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला रानात नेलं, मी बांधावर उभी, तुम्ही पार विहिरीपाशी, आणि म्हणालात, आता घे माझं नाव. बापाचं नाव मोठ्यानं घ्यायची मला इतकी लाज वाटली की हसूच आलं. तुम्ही विहिरीवरून ओरडत होता, "ऐकू येईना! ऐकू येईना!" आज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज जातो तो त्या बांधावरचा.

डबा यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा मी शाळेतून थेट तेर गाठलं. या वेळी आईनं नारळ फोडला नाही, साडीही बदलली नाही. नुसती हात पुसून बसली. सीडी घरघरली, अडकली, पुन्हा घरघरली आणि सुरू झाली. गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, बदामात ताई आणि दाजींचे फोटो फिरले, गाणं सुरू झालं. मग मांडवाचं दार. तुम्ही. फेटा जरा तिरका, रुमाल गुंडाळलेला माईक ओठाशी, ओठ हलतायत. आणि वर गाणं. मला वाटलं, आता संपेल. ते संपलं आणि दुसरं सुरू झालं. तुम्ही हात उंच करून कुणाला तरी बोलावता, सनई. तुम्ही हसून काहीतरी म्हणता, समोरचे सगळे हसतात, सिनेमातलं गाणं. पार पाठवणीपर्यंत हेच. लॅपटॉपचा आवाज मी वाढवत नेला, जणू गाण्याच्या खालून तुम्ही सापडणार होता. तसं असतं का कुठं?

मग मला आठवलं. ही सीडी आपण लग्नानंतर मागून आणलेल्या यंत्रावर पाहिली होती. घर माणसांनी भरलेलं आणि तुम्ही टीव्हीच्या बाजूला बसून सारखे बोलत होता. हे बघा कोण, ह्यांनी दोनदा पंगत केली, ह्या पाहुण्याची चप्पल हरवली. आवाज सीडीत नव्हता, खोलीत होता. मी इतकी वर्षं तो सीडीतला म्हणून जपला.

शूटिंगवाल्याचा पत्ता शोधला. तो आता फ्लेक्सचं दुकान चालवतो. म्हटलं, मूळ कॅसेट असेल तर द्या, गाण्याविना. तो म्हणाला, "ताई, तवा एकाच कॅसेटवर आमी परत परत शूटिंग करायचो. ती कुठली राहती? आन् खरं सांगू का, आण्णाच म्हणले होते मला. माझी बडबड काढून टाक, कोण ऐकतंय ती, चांगली गाणी भर." आण्णा, तुमचा लई राग आला. दुनियेचं नाव कानात पडावं म्हणून घसा फोडलात आणि स्वतःचा आवाज पुसून टाक म्हणालात. दुकानातून बाहेर पडून मी रस्त्यातच रडले. लॅपटॉपवर काढायचा तेवढा राग काढून झाला होता, आता तो कुणावर काढू?

आईला मी हे सांगितलेलं नाही. तिला गाण्यांचं काहीच वाटत नाही. मी तेरला गेले की ती लॅपटॉप लावायला सांगते आणि तुमचे ओठ बघत बसते. परवा मला म्हणाली, "आता बघ, माकणीचे आलेत. आता म्हणायलेत, 'या माकणीकर, उन्हाचं आलाव, आधी पाणी घ्या, मग बसा.'" ते तिनं तुमच्यासारखं, शेवटचा शब्द लांबवून म्हटलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "असंच म्हणायचे, न्हाय का गं?" मी म्हटलं, "व्हय. अगदी असंच."

हे त्याच लॅपटॉपवर एका बोटानं टाईप करते आहे. पाठवायचं कुठं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. लॅपटॉप आईसाठी घेतला असं मी ताईला सांगितलं, शाळेत सांगितलं, आईलाही तेच सांगितलं. आईला त्याची गरज नव्हती, तिला सगळं ऐकू येतं. मला तुमचे शब्द आठवतात, तिरका फेटा आठवतो, घसा बसल्यावरची कुजबुजही आठवते. तुमचा आवाज मला आठवत नाही, आण्णा. आई तुमच्यासारखं बोलून दाखवते तेव्हा ते तसं आहे की नाही, हेही मला कळत नाही.