शिवायचं नाही

माय, आज तुझ्या मशीनला तेल घातलं. चाक फिरवलं तर अगदी तसाच आवाज आला आणि मी दचकून मागे बघितलं, वाटलं आता ओरडशील, "हात धुतले का?" शाळेच्या मराठीत लिहितेय म्हणून हसू नकोस. सत्कारांची भाषणं ठोकून ठोकून अशीच जीभ झाली आहे. तुझी पोरगी कॅनोत, त्या वल्ह्याच्या होडीच्या शर्यतीत, देशात पहिली आली, एकदा नाही, पुष्कळदा. परदेशातल्या नद्यांनीही तिची वल्ही ओळखली. काल मार्कंड्याच्या घाटाखाली, मी शिकवते त्या पोरींच्या सरावासाठी, दोन खडकांमधे तार ताणून नव्या दांड्या टांगत होते, तेव्हा तुझी आणि सरांची पहिली भेट आठवली आणि भर पाण्यात एकटीच खदाखदा हसले.

जत्रेआधीची घाई आहे. तुझ्या मांडीवर कुणाचं तरी ब्लाउज, ओठांत टाचण्या. आमच्या शाळेचे खेळाचे सर दारात उभे. "बाई, पोरीत दम हाय. फक्त शिवाचं नाई, हे तिच्या डोक्यात बसवा लागते." तू एकेक टाचणी ओठांतून काढलीस. "काऊन शिवाचं नाई? शिवण्यावरच घर चालून राह्यलं ना माझं!" सर गडबडले. "तसं नाई बाई, तिनं शिवलं का दोन सेकंद वाढतात." "दोन सेकंदात कोन शिवते जी? साधा काज कराले त्याहून जास्त टाइम लागते!" मी दाराआड ओढणी तोंडात कोंबून उभी. मग बिचाऱ्यांनी तुझ्याच दोन पट्ट्या हवेत उभ्या धरून दाखवलं. गुडघ्यांवर बसून, एका वल्ह्यानं, खळाळत्या धारेतून होडी टांगलेल्या दांड्यांच्या मधून न्यायची. काही जोड्यांतून तर उलट फिरून धारेच्या तोंडावर चढायचं. दांडीला वल्हं शिवलं, खांदा शिवला, नुसती वेणी शिवली तरी दंड. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे बिनकामाचं काम." असा राग आला होता मला तुझा! सर गेल्यावर तू निकाल दिलास, "एक वर्स देते तुले. देशात पयली आली त होडी. नाई त मुकाट्यानं मशीनवर बसाचं." बाबांच्या मागे त्या मशीननंच आपल्याला जगवलं होतं, तुझं काय चुकत होतं म्हणा.

पण हात राखून काम करणं तुझ्या स्वभावातच नव्हतं. होडीला स्कर्ट लागतो असं सर म्हणाले तेव्हा तू टेप घेऊन थेट माझ्या गुडघ्यांपर्यंत आलीस. तो स्कर्ट म्हणजे कमरेला बांधून होडीच्या तोंडावर ताणून बसवायचं कापड, आत पाणी येऊ नये म्हणून. हे कळल्यावर तू घाटावर आलीस, होडीचं माप घेतलंस आणि सरांना गिऱ्हाईक समजून सांगितलंस, "गळा लय मोठा हाय हिचा." रेनकोटच्या कापडाचा शिवलास, कडेला जाड इलॅस्टिक, टिपांवर मधवाल्यांकडचं मेण घासून घासून लावलंस. पहिल्या दिवशी धारेत उतरले तर थेंब आत आला नाही. काठावरून तू साऱ्या घाटाला ऐकवलंस, "माही शिलाई हाय थे!" तो आवाज माझ्या कानात अजून आहे, माय.

हिवाळ्यात तू तापानं गेलीस. मामा म्हणाला, वर्स सरलं का मशीनवर बैस. अट घालणारी गेली आणि अट तेवढी मागे राहिली, ती सैल करायला आता कोणी नव्हतं. वर्ष सरता सरता मध्य प्रदेशातल्या एका नदीवर राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी आली. त्या सकाळी मी स्कर्ट ताणते आणि कमरेपाशी चर्रर्र! वीतभर टीप उसवली. सरांचा चेहरा पांढराफटक. दुसरा स्कर्ट आमच्याकडे कुठला! "टेलर पाहतो," म्हणत ते निघाले, पण मी पिशवीतून तुझा सुईदोऱ्याचा डबा काढला. "तुले येते?" सरांनी विचारलं. "नाई," म्हटलं आणि बसले. दुहेरी दोरा, तुझी उलटी टीप, वरून डब्यातलं तुझंच उरलेलं मेण. वाकडी आली, पण गच्च आली.

मग मी पाण्यात आहे. पहिल्या दांड्या कधी गेल्या कळलंही नाही. मधल्या उतारावर लाट छातीवर आदळते, मांड्या कोरड्याच. शेवटच्या उलट्या जोडीशी मी होडी गर्रकन वळवते आणि वाऱ्यानं दांडी सरळ तोंडावर येते. हनुवटी आत, खांदा खाली, श्वाससुद्धा घेत नाही. दांडी नाकासमोरून निघून जाते. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा भोंग्यावरून वेळ सांगितली, सगळ्यात कमी, आणि दंड काहीच नाही. सर चपलांसकट पाण्यात आले, रडत होते, ओरडत होते, "कुठीच नाई शिवलं पोट्टीनं! कुठीच नाई!" मी स्कर्ट उलटा करून ती वाकडी टीप त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, "इथी शिवलं, सर." जिंकलो, माय! आपण दोघी जिंकलो!

हा कागद कुठे पाठवणार, घडी करून मशीनच्या खणात ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. मला शिवता येत होतं. दुपारी तुझा डोळा लागला की तुझ्या चिंध्यांवर मी शिकले होते. तुला कळलं असतं तर मशीनवर बसवलं असतंस, म्हणून बोलले नाही.