मिठाला कुलूप

सोमवार, ४ मार्च

ताट भिंतीवर मारलं. उकडलेला भोपळा! बिनतेलाचा, बिनमिठाचा. जन्मभर खाटकाचा धंदा केला मी, आणि आता हे गिळायचं! म्हणे हृदयाचा झटका येऊन गेलाय, डॉक्टरांनी बजावलंय. बायकोनं भिंत पुसली. मिठाची बरणी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली हिच्या कमरेला. चोर आहे का मी?

बुधवार, ६ मार्च

पुन्हा भोपळा. सोबत लिंबाची फोड – म्हणे त्यानं मिठाची आठवण येत नाही. मला दुसरं काही आठवतच नाही!

शनिवार, ९ मार्च

दुकानात गेलो. गल्ल्यावर आता पोरगा बसतो. बर्फाखाली चरबीचा गोळा दडवून ठेवला होता मी, मागच्या शेगडीवर वितळवून पावाला लावायचा बेत. पोरानं तो शोधून काढला आणि कुत्र्यांपुढे टाकला. आईनं सांगितलंय म्हणे. माझ्या डोक्यात सणक गेली. सत्तूर उचलला आणि हाणला ओंडक्यावर – त्याच्या बोटांच्या अगदी शेजारी. पोरगं पांढरंफटक पडलं. मग कानफटात दिली, वर आणखी एक. गिऱ्हाइकं पळाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? छातीत मात्र दुखत होतं.

रविवार, १० मार्च

घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. नका बोलू!

मंगळवार, १२ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

नाक्यावर टकल्याची तळणाची गाडी. लहानपणापासूनचा दोस्त. पैसे पुढे केले, तर घेईना. बायको म्हणे बाजारभर फिरलीय, एकेकाला हात जोडलेत, ह्यांना काही देऊ नका म्हणून. माझी अब्रू वेशीवर टांगली! टकल्या म्हणाला, "वहिनी रडत होत्या रे."

त्याची गचांडी धरली. नाक फोडलं. रक्त आलं तरी थांबलो नाही. कोणीतरी हिला बोलावलं असणार, धावत आली, मध्ये पडली, माझा हात धरला. मी हिसडा दिला आणि गाडीला लाथ घातली. कढई उलटली. उकळतं तेल हिच्या दोन्ही पायांवर.

ती कशी ओरडली ते लिहिता येत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

दवाखान्यात पोरानं दारातूनच मागे ढकललं मला. मी उलटा हात उचलला नाही. घरी येऊन स्वतः भोपळा उकडला. तसाच खाल्ला, सगळा. ती आली की सांगायचंय तिला.

सोमवार, १ एप्रिल

ती आली. पायांना बँडेज. खुर्चीत बसूनच स्वयंपाक केला, कोणाचं ऐकलं नाही. माझ्यापुढे ताट ठेवलं – तेलात थबथबलेलं मटण, मीठ अगदी हवं तसं. मी म्हणालो, अगं, मला हे चालत नाही.

"खा," ती म्हणाली. "तुम्ही मराल याची भीती वाटायची मला. आता नाही वाटत."